तारे आणि शेरे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ उभे राहून कोणालाही विचारा, "मिसळ कुठे चांगली मिळते?" एका शब्दात उत्तर मिळणार नाही. अमक्याचा कट जहाल असतो, तमक्याकडे मटकी नीट शिजलेली असते, तिसऱ्याकडे जायचे तर सकाळी लवकर जा, नंतर रश्शात पाणी वाढते, असे सगळे ऐकून घ्यावे लागते. मग शेवटी निकाल येतो, 'नाद खुळा'! बाहेरगावचा माणूस आज हाच प्रश्न खिशातल्या फोनला विचारतो. फोन सांगतो, ४.२.

या ४.२ च्या खाली गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्रायही असतात. ते वाचले की गंमत दिसते. "कट फार तिखट होता" असे लिहून एकाने पाच तारे दिलेले असतात आणि जवळजवळ त्याच शब्दांत लिहून दुसऱ्याने एक. पहिला बहुधा इथलाच असावा, दुसरा रंकाळा आणि अंबाबाईचे देऊळ पाहायला आलेला. आणखी एकाने चवीची तोंडभर स्तुती केलेली असते आणि तारे मात्र दोनच, कारण गाडी लावायला जागा मिळाली नाही! मग या सगळ्यांची सरासरी काढून मिळालेले ४.२ नेमके कशाचे मोजमाप आहे? मिसळीचे, तिखट सोसण्याच्या ताकदीचे, की पेठेतल्या अरुंद रस्त्यांचे?

शिक्षकांना हा प्रश्न परका नाही. आपण उत्तरपत्रिकेवर गुण देतो आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहितो. गुण आणि शेरा यांचे नाते काय, याचा मात्र आपण क्वचितच विचार करतो. तारा आणि शेरा यांचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

हा इतिहास खाण्यापासून सुरू होत नाही, चित्रांपासून होतो. मारियाना स्टार्क नावाच्या इंग्रज लेखिकेने युरोपच्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका लिहिल्या. त्यांपैकी १८२० मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकात तिने चित्रे आणि शिल्पे यांच्या नावांपुढे उद्गारचिन्हे टाकली. कलाकृती जितकी मोठी, तितकी चिन्हे अधिक. प्रवाशाजवळ वेळ थोडा, चित्रे शेकडो, तेव्हा कुठे थांबायचे ते नजरेला चटकन कळावे, एवढाच हेतू. पुढे १८४० च्या दशकात कार्ल बेडेकर या जर्मन प्रकाशकाने आपल्या प्रवासपुस्तकांत अशाच कामासाठी तारा वापरला, आणि तो रूढ झाला. या दोन्ही पुस्तकांत खूण मजकुराच्या पोटात होती, हे लक्षात ठेवावे. 'इथे थांबा आणि पुढचे वाचा' एवढेच ती सांगत असे. आपण पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने फुली मारतो ना, तसेच.

तारा मजकुरापासून सुटला तो मोटारगाडीच्या काळात. फ्रान्समधल्या मिशलिन बंधूंचा धंदा टायरचा. लोकांनी जास्त प्रवास केला तर टायर जास्त झिजणार, या साध्या व्यापारी हिशोबाने त्यांनी १९०० मध्ये मोटारचालकांसाठी एक फुकट पुस्तिका काढली. तीत दुरुस्तीची ठिकाणे होती, मुक्कामाची ठिकाणे होती. १९२६ मध्ये चांगल्या जेवणाच्या ठिकाणांना तिच्यात तारा मिळू लागला, १९३१ मध्ये दुसरा आणि तिसरा तारा आला, आणि १९३६ मध्ये त्यांचे अर्थ छापले गेले. एक तारा म्हणजे आपल्या वर्गात फार चांगले ठिकाण. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे. तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठी प्रवास करावा असे. हे अर्थ पुन्हा एकदा वाचा. चवीला दिलेले गुण इथे कुठेच नाहीत. जेवणासाठी गाडी किती लांब हाकावी, हे ते सांगतात! टायरवाल्याची पट्टी अंतराचीच असणार. पण निदान त्या ताऱ्याला एक नेमके वाक्य जोडलेले होते. आज फोनवर तीन तारे देणाऱ्याला विचारले, "तिसऱ्याचा अर्थ काय?" तर दहा जण दहा अर्थ सांगतील.

वृत्तपत्रांत तारा आणि लेख पुन्हा शेजारी आले. न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्रेग क्लेबोर्न या समीक्षकाने १९६३ मध्ये उपाहारगृहांना तारे देण्यास सुरुवात केली. खाली लेख, वर तारे. वाचक अर्थातच आधी तारे पाहत. १९७९ मध्ये त्याच शहरात टिम आणि नीना झगाट या वकील दांपत्याने वेगळी वाट काढली. त्यांनी समीक्षकाला रजा दिली आणि ओळखीपाळखीच्या खवय्यांनाच प्रश्नावली पाठवली. प्रत्येकाने अन्न, सजावट आणि सेवा यांना शून्य ते तीन असे वेगवेगळे गुण द्यायचे. त्यांच्या सरासरीला दहाने गुणून तीसपैकी आकडा निघे. शिवाय लोकांच्या अभिप्रायांतले तुकडे जोडून एक छोटा परिच्छेद छापला जाई. मला ही पद्धत आजच्या एका ताऱ्यापेक्षा शहाणी वाटते. गाडी लावायला जागा नव्हती याचा राग निदान भाजीवर निघत नसे.

आता आकड्याकडे वळू. फ्रीडरिक मोस याने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची श्रेणी मांडली, ती आपण नववी-दहावीच्या मुलांना सहज सांगू शकतो. शंखजिरे १, कुरुंद ९, हिरा १०. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढते त्याचा क्रमांक वरचा. यातला ९ आणि १० मधला फरक १ आणि २ मधल्या फरकाएवढा नाही. हिरा कुरुंदापेक्षा कितीतरी पट कठीण आहे. हे आकडे फक्त क्रम सांगतात. शंखजिरे आणि हिरा यांची 'सरासरी' साडेपाच असे कोणी म्हणाले तर आपण हसू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स याने १९४६ मध्ये मोजपट्ट्यांचे प्रकार पाडले, तेव्हा क्रम सांगणाऱ्या आणि समान अंतरे सांगणाऱ्या पट्ट्यांत हाच भेद केला. तारे क्रमाच्या पट्टीवरचे आहेत. एका ताऱ्यावरून दोनवर जाणे आणि चारवरून पाचवर जाणे सारखेच आहे, असे मानायला आधार नाही. तरी आपण बेधडक सरासरी काढतो.

सरासरीतून आणखी एक गोष्ट हरवते. वर्गात फळ्यावर करून दाखवा. एका हॉटेलला दहा जणांनी तीन-तीन तारे दिले. दुसऱ्याला पाच जणांनी पाच आणि पाच जणांनी एक. सरासरी दोन्हींची तीन. पण पहिले हॉटेल बेताचे आहे आणि दुसरे भांडण लावणारे! पेठेतल्या जहाल कटाचे हॉटेल या दुसऱ्या जातीचे. आपण कोणत्या पाचांत बसू, ते शेरे वाचल्यावरच कळते.

आकड्याची सत्ता किती, याचा एक चांगला अभ्यास हार्वर्डच्या मायकेल लुका याने २०११ मध्ये मांडला. अमेरिकेत येल्प या संकेतस्थळावर सरासरी जवळच्या अर्ध्या ताऱ्यापर्यंत पूर्ण करून दाखवली जाई. म्हणजे ३.२४ असेल तर ३ दिसणार आणि ३.२६ असेल तर ३.५. प्रत्यक्षात दोन्ही हॉटेले जवळजवळ सारखीच. फरक फक्त पूर्णांकनाचा, जो आपण पाचवीत शिकवतो. लुकाने सिअ‍ॅटल शहरातल्या हॉटेलांची ताऱ्यांशी आणि उत्पन्नाशी सांगड घातली. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्याला आढळले. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या मालकाच्या हॉटेलांत दिसला. गावोगाव शाखा असलेल्या प्रसिद्ध हॉटेलांत दिसला नाही. ज्याची ओळख आधीच आहे त्याला तारा लागत नाही, लहान माणसाचे पोट मात्र त्यावर अवलंबून राहते.

एकाच वस्तूला वेगवेगळे तारे का पडतात, याचे उत्तर आपल्याच क्षेत्रात सापडते. १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या हुबेहूब प्रती अनेक शाळांत तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. शंभरपैकी गुण आले ६४ पासून ९८ पर्यंत. भाषेचे असेच असते, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिचे गुण २८ पासून नव्वदीच्या पुढे पसरले! कोणी अस्वच्छ लेखनाचे गुण कापले, कोणी फक्त सिद्धता पाहिली. प्रत्येक शिक्षक प्रामाणिक होता. प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी होती आणि आकड्यात ते लपून गेले.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदी लिहायला सांगितल्या गेल्या, त्यामागे हीच जाणीव होती. पुढे काय झाले ते आपण जाणतो. तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. 'प्रगती समाधानकारक', 'उपक्रमात सहभाग घेतो' अशी वाक्ये पन्नास मुलांपुढे उतरवली गेली. एका शिक्षकामागे मुले किती, हे पाहता फार दोषही देता येत नाही. पण असा शेरा म्हणजे अक्षरांत लिहिलेला तारा. 'चव छान, सेवा छान' या अभिप्रायाचीही किंमत तेवढीच. 'अपूर्णांकांची बेरीज करताना छेदही मिळवतो' असा एक शेरा मात्र पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला उपयोगी पडतो.

शेवटी पुन्हा कोल्हापुरात येऊ. शिवाजी पेठेतून चालत गेले तर भाऊसिंगजी रोड फार लांब नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ पूर्वी, या रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. ते महाराजांच्या पदरी नोकरीला होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला माणूस पाण्याला शिवला, म्हणून त्यांना मारहाण झाली होती. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत दिली. त्यातून हे 'सत्यसुधारक हॉटेल' उभे राहिले. पण सवर्ण गिऱ्हाईक तिथे पाऊल टाकीना.

समजा, त्या काळी तारे असते. गावातल्या बहुसंख्यांनी या हॉटेलला एकच तारा दिला असता, आणि तोही चहा न चाखता. सरासरी अगदी बिनचूक निघाली असती. तो आकडा चहाचा नसून जातीचा आहे, हे आकड्यावरून कोणालाही कळले नसते. शेरा लिहायची वेळ आली असती, तर तिथे खरे कारण लिहावे लागले असते, नाही तर खोटे.

महाराजांनी जे केले ते कोल्हापुरात आजही सांगितले जाते. फेरफटक्याला निघाले की ते हॉटेलापुढे गाडी थांबवत आणि गंगारामला हाक मारून चहा मागवत. भर रस्त्यावर, सर्वांसमोर, ते तो चहा पीत. बरोबरच्या मानकऱ्यांच्या हातीही तोच चहा जाई, आणि महाराज पाहत असताना त्यांना तो प्यावाच लागे.