प्रकाश रेषेवर आणणारे हात

मुंबईतल्या साथींचा इतिहास आपण लशींचा, गटारांचा आणि सक्तीच्या झडत्यांचा म्हणून वाचतो. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी मांडवीत गाठीचा प्लेग ओळखला, ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा एवढ्याच जागेत त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. या हकिकतीत सूक्ष्मदर्शकाचा उल्लेख येतो, पण यंत्र आणलं की जंतू आपोआप दिसतो, अशा थाटात. माझं म्हणणं असं की या शहरात रोगनिदान भिंगाच्या ताकदीवर जेवढं अवलंबून राहिलं, तेवढंच किंवा काकणभर जास्त ते प्रकाश नेमका भिंगांच्या मध्यरेषेवर आणून ठेवण्याच्या कामावर अवलंबून राहिलं. ते काम करणाऱ्याचं नाव मात्र कुठेच लिहिलं गेलं नाही.

याला सर्वात भक्कम पुरावा रॉबर्ट कॉख यांचाच आहे. जर्मन प्लेग आयोगाचे प्रमुख म्हणून १८९७ मध्ये ते मुंबईत आले, पण मुद्दा त्याच्या दोन दशकं आधीचा. जखमांच्या संसर्गावरच्या १८७८ सालच्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिलं होतं की अॅबे यांचा कंडेन्सर, म्हणजे स्लाइडवर प्रकाश एकवटणारं भिंग, पूर्ण उघडा ठेवून रुंद शंकूत प्रकाश टाकला, तर पेशींच्या कडा आणि सावल्या विरून जातात आणि रंगवलेला जंतू तेवढा उठून दिसतो. छिद्र बारीक केलं की चित्र वरवर ठसठशीत वाटतं, पण त्या खोट्या रेघांत जंतू हरवतो. कोणी म्हणेल, प्रकाश मांडण्याची शास्त्रशुद्ध रीत ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये सांगितली आणि क्षयाचा जंतू तर कॉखना १८८२ मध्येच सापडला. मग या मांडणीचं एवढं कौतुक कशाला? आक्षेप वाजवी आहे. पण कॉख स्वतः प्रकाशाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते, हेच वरच्या निरीक्षणातून दिसतं. शिवाय एका प्रतिभावंताने एकदा जंतू शोधणं वेगळं आणि सामान्य टेक्निशियनने तो रोज, शेकडो स्लाइडींत, न चुकता ओळखणं वेगळं. कोहलर यांची रीत मूळ सूक्ष्मछायाचित्रणासाठी होती, पण तिने कॉख यांच्या नजरेतली शिस्त कोणालाही शिकता येईल अशा मोजक्या हालचालींत आणली.

त्या हालचाली पाहण्यासारख्या आहेत. दहापटीच्या भिंगाखाली स्लाइड फोकस करायची, दिव्याजवळचा डायफ्रॅम मिटत आणायचा, मग कंडेन्सर वर-खाली करून त्या छोट्या प्रकाशबहुकोनाच्या कडा धारदार करायच्या, बाजूच्या दोन स्क्रूंनी तो मधोमध आणायचा आणि दृश्यक्षेत्राच्या कडेबाहेर जाईपर्यंत उघडायचा. बिघाड शोधण्याची रीतही अशीच सरळ. आयपीस फिरवल्यावर डाग फिरला तर घाण तिथे आहे. स्लाइडबरोबर सरकला तर स्लाइडवर. दोन्ही वेळा जागचा हलला नाही तर ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) किंवा कंडेन्सर तपासायचा. फोकस करताना चित्र जागच्या जागी धूसर न होता एका बाजूला ओढलं जात असेल, तर प्रकाश तिरका येतोय. अर्धं क्षेत्र काळं दिसलं तर आधी पाहायचं की ऑब्जेक्टिव्ह खटकन खाचेत बसलंय का. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसून कपाळ दुखू लागलं, तर आतला प्रिझम धक्क्याने हलला असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे मात्र स्वतः हात घालू नये.

आपल्या हवेत हा हिशेब आणखी कडक होतो. सिकंदराबादेत १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधताना रोनाल्ड रॉस यांच्या यंत्राचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेल्या एकमेव आयपीसला तडा गेला होता. मुंबईच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, तिचे तंतू काचेवरचा लेप खातात आणि एरवी नीट असलेलं चित्र दुधाळ होतं. सिलिका जेलची पुडी किंवा कपाटात पेटता ठेवलेला बल्ब हे उपाय साधे आहेत, पण वेळेवर केले नाहीत तर भिंग कायमचं जातं.

मुंबईच्या भांडुप उपनगरासाठी ही गोष्ट फार जवळची आहे. लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे कारखाने, मागे डोंगरउतारावर दाटलेल्या वस्त्या, अरुंद खोल्यांत कोंडलेली हवा: क्षयाला हे मानवतं. १९९७ मध्ये सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा निदानाचा पाया थुंकीच्या स्लाइडवर रचला गेला आणि साधारण एक लाख लोकांमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र हा निकष ठरला. भांडुप महापालिकेच्या ज्या एस विभागात येतो तिथली लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सात लाखांवर होती. म्हणजे त्या हिशेबाने निदान सात केंद्रं हवीत. प्रत्येक केंद्रात तेलात बुडवलेल्या भिंगाखाली शंभर क्षेत्रं पाहायची, मगच स्लाइड निगेटिव्ह म्हणायची. शंभर क्षेत्रांत एक ते नऊ जंतू दिसले तर नोंद ‘स्कँटी’. प्रकाशाची मांडणी सर्वात जास्त कामी येते ती याच रुग्णांसाठी. जंतूची जाडी मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. कंडेन्सर पूर्ण रुंदीने काम करत असेल तर उत्तम भिंग साधारण पाव मायक्रॉनचा तपशील दाखवतं. तो खाली उतरलेला किंवा छिद्र मिटलेलं असेल तर मर्यादा चार दशांश मायक्रॉनच्या पुढे जाते आणि फिकट लाल काडी निळ्या पार्श्वभूमीत बुडते. ठासून जंतू असलेली स्लाइड कशीही दिसेल. चुकतो तो हा दोन-चार जंतूंचा माणूस.

आता जंतूचा डीएनए शोधणाऱ्या रेणवीय चाचण्या आल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने एक्सपर्टला २०१० मध्ये मान्यता दिली, गोव्यातल्या मॉलबायोच्या ट्रूनॅटला २०२० मध्ये. त्या स्लाइडपेक्षा कमी जंतूही पकडतात आणि रिफॅम्पिसिन या औषधाला दाद न देणारा क्षयही सांगतात. एलईडीच्या प्रतिदीप्त सूक्ष्मदर्शकात तर ऑब्जेक्टिव्हच कंडेन्सरचं काम करतं, त्यामुळे माझ्या युक्तिवादाचा एक भाग तिथे लागू पडत नाही, हे मान्यच करायला हवं. पहिल्या निदानासाठी रेणवीय चाचण्या स्लाइडपेक्षा सरस आहेत आणि त्या भांडुपच्या प्रत्येक रुग्णापर्यंत पोचायला हव्यात. पण उपचार चालू असताना औषध लागू पडतंय का, हे त्या चाचणीने कळत नाही, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही ती मोजते. तिथे स्लाइड लागते. पावसाळ्यातला मलेरियाचा रक्तनमुनाही अजून साध्या प्रकाशातच वाचला जातो. फाल्सिपेरम या मलेरिया परजीवीची बारीक कडी आणि रंगाचा कण यांतला फरक सांगायचा तर कंडेन्सर जागेवरच हवा. म्हणून टेक्निशियनच्या प्रशिक्षणात या मोजक्या हालचालींना तोंडओळखीपेक्षा जास्त वेळ मिळाला पाहिजे, आणि दवाखान्याच्या खरेदीत नव्या यंत्राच्या जोडीने जुन्याच्या वार्षिक सफाईचे पैसेही धरले पाहिजेत.