वर्राकाची वही

अमुक विषयात खरे काम कोणी केले आणि ते कोणत्या ग्रंथांत सापडेल, हा प्रश्न आपली मुलेमुली पीएच. डी.ला बसतात तेव्हा त्यांना पहिल्यांदा भेडसावतो. प्रश्न मात्र जुनाच आहे. हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ. स. ९८७-८८ च्या सुमारास, बगदादच्या अन-नदीम या वर्राकाने त्यासाठी एक अख्खी किताब रचली. वर्राक म्हणजे ग्रंथांच्या नकला करणारा, त्या विकणारा. किताबीचे नाव ‘अल-फिहरिस्त’. आपल्या जुन्या दफ्तरांतली ‘फेरिस्त’ ती हीच.

या किताबीचे दहा भाग आहेत. व्याकरण, इतिहास, शायरी, फिकह, तत्त्वज्ञान, किस्सेकहाण्या, परधर्मीयांच्या श्रद्धा, किमया, काहीच वगळलेले नाही. हिंदुस्थानातल्या धर्मपंथांनाही जागा आहे. प्रत्येक लेखकाचे नाव, त्याचे उस्ताद, मग त्याचे ग्रंथ. शायरांच्या भागात तर कोणाचा दीवान किती पानांचा हेही दिले आहे, आणि पान म्हणजे कोणते, एका बाजूला वीस ओळींचे, असा खुलासाही केला आहे. का? तर गिऱ्हाईकाला अर्धवट प्रत पुरी म्हणून विकली जाऊ नये. विद्वत्तेचा हा प्रामाणिकपणा बाजारातून आलेला आहे, हे आम्हांला विशेष वाटते.

अल-किंदीचेच पाहा. त्याच्या नावावर अडीचशेच्या आसपास ग्रंथ आणि रिसाले अन-नदीमने विषयवार नोंदवले आहेत. त्यांतले बहुतेक आज उपलब्ध नाहीत. ही फेरिस्त नसती तर त्या माणसाच्या कामाचा पसारा आपल्याला कळलाच नसता.

जाबिर इब्न हय्यानच्या बाबतीत तो वादातही उतरतो. असा माणूस झालाच नाही, असे त्या काळचे काही विद्वान व वर्राक म्हणत. अन-नदीमचे उत्तर रोखठोक आहे : एवढी मेहनत करून आपला ग्रंथ दुसऱ्याच्या नावावर कोण खपवील? युक्तिवाद गोड आहे, पण पुरेसा नाही. पाउल क्राउस या अभ्यासकाने १९४० च्या दशकात ते लिखाण अनेक हातांचे व बऱ्याच नंतरचे असल्याचे मांडले. म्हणजे यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबता येत नाही.

पुढे सतराव्या शतकात इस्तंबूलच्या हाजी खलिफाने हजारो ग्रंथांची अकारविल्हे यादी केली. १९५८ मध्ये केंब्रिजहून पिअरसनचे ‘इंडेक्स इस्लामिकस’ निघाले. आता गूगल स्कॉलर क्षणात सांगते की कोणाच्या लेखाचा दाखला किती जणांनी दिला.

पण दखनच्या इतिहासाचा विद्यार्थी या आकड्यांवर थांबला तर फसेल. विजापूरच्या सूफींवर रिचर्ड ईटन (१९७८) आणि खुलताबादवर कार्ल अर्न्स्ट (१९९२) ही नावे त्याला लगेच मिळतील, आणि ती मिळालीच पाहिजेत. मात्र ग. ह. खरे यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातून काढलेले ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड, सेतुमाधवराव पगडींनी फारसीतून मराठीत आणलेली साधने, रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ यांचे वजन त्या मोजणीत नीट उतरत नाही. ती मोजणी मुख्यतः इंग्रजी लिखाणावर चालते. आमच्या घराण्यांच्या, दर्ग्यांच्या, गावच्या काझींच्या सनदा ज्या भाषांत आहेत, त्याच भाषांतले अभ्यासक यादीबाहेर राहतात. मग आपल्याविषयीच्या सांगोवांगीलाच इतिहास म्हटले जाते.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो : हारून खान शेरवानी आणि पु. म. जोशी यांनी संपादिलेले मध्ययुगीन दखनच्या इतिहासाचे दोन इंग्रजी खंड (१९७३-७४) घ्या आणि आधी तळटीपा वाचा. तीच तीच नावे कुठे येतात ते वहीत टिपा. त्या नावांचे ग्रंथ मिळवा, त्यांच्याही तळटीपा पाहा. ग्रंथ स्वतः पाहिला की नुसता ऐकला, हेही समोर लिहा. अन-नदीम पुष्कळ ठिकाणी ही खूण करून ठेवतो. एक पावसाळा पुरेल.