टेंभलीचा पहिला आधार क्रमांक आणि सर्व्हर निवडण्याचा प्रश्न

शहादा तालुक्यातलं टेंभली हे गाव 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक इथे दिले गेले. त्या कार्यक्रमाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पण संशोधनाची तयारी करत असाल, तर एक वेगळा प्रश्न विचारून बघा: या नोंदी ठेवायला यंत्रं कोणती घ्यायची, हे कोणत्या हिशोबाने ठरलं?

एका माणसाला एकच क्रमांक द्यायचा, म्हणजे नव्या माणसाचे ठसे आणि बुबुळं आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून बघायची. दहा माणसं असतील तर 45 जोड्या होतात. हजार झाली की 4,99,500. माणसं शंभरपट वाढली, पण काम अकरा हजारपट! 2014 मध्ये नोंदी 60 कोटींच्या घरात गेल्या. तेव्हा दिवसाला 10 लाख नवे अर्ज धरले, तर रोजच्या तुलना 600 लाख कोटी होतात.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, एकच मोठा महागडा सर्व्हर घ्यायचा आणि त्यातच प्रोसेसर, मेमरी वाढवत न्यायची. पण त्याला कधीतरी मर्यादा येते, आणि तोवर आपण एकाच कंपनीच्या हाती सापडलेलो असतो. दुसरी वाट म्हणजे बाजारात सहज मिळणारे साधे सर्व्हर घ्यायचे, डेटा त्यांच्यात वाटायचा आणि गरज पडेल तसे आणखी जोडायचे. आधार प्राधिकरणाने दुसरी वाट धरली. ठसे ताडण्याचं कामही एकाच कंपनीला न देता तीन वेगवेगळ्या प्रणालींत वाटलं.

हा फायदा फुकट मिळत नाही. शेकडो साधी यंत्रं असली की त्यातलं एखादं बंद पडणारच. मग डेटाच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवणं, बिघाड झाला तरी काम चालू ठेवणं, ही जबाबदारी सॉफ्टवेअरवर येते. म्हणजे यंत्रावरचा खर्च वाचला, पण ओझं दुसरीकडे सरकलं. शिवाय हे सर्व्हर बंगळुरू आणि मानेसरला. ते कितीही वाढवले तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या रेशन दुकानात रेंज नसेल, तर तिथे उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय?

म्हणून यंत्रखरेदीचा इतिहास वाचताना नुसते आकडे टिपू नका. निविदा आणि तांत्रिक आराखडे उघडा आणि तीन गोष्टी शोधा: काम कोणत्या गतीने वाढणार असं धरलं होतं, एक यंत्र बंद पडलं तर काय करायचं ठरलं होतं, आणि ओझं शेवटी कोणावर पडलं.

उद्या स्वतःच्या प्रबंधासाठी डेटाबेस उभा कराल, तेव्हा हेच तीन प्रश्न स्वतःलाही विचारा. आज तुमच्याकडे पाचशे नोंदी असतील आणि लॅपटॉप पुरत असेल. पण प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येकीशी ताडायची असेल, तर पाच हजारांवर तोच लॅपटॉप शंभरपट काम मागेल. हे आधी कळलं तर बरं, ऐन प्रबंध सादर करायच्या महिन्यात नको.