गळा आणि बोली : मराठी गायनातील घेतलेल्या उच्चारांविषयी

कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला नवीन जालना. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात दखनी आणि पेढ्यांवर मारवाडी असा तेथील भाषाव्यवहार होता. अशा गावातील श्रोत्याला एक गोष्ट फारशी न शिकवताही उमगण्यासारखी होती : गाणारा ज्या उच्चाराने बोलतो त्या उच्चाराने तो गात नाही. पुण्या-मुंबईच्या संगीतसमीक्षेने या गोष्टीकडे ‘शुद्ध उच्चार’ या एकाच खिडकीतून पाहिले. त्यामुळे कोणाचा उच्चार झाकला गेला आणि कोणाचा मांडला गेला, हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ विचारलाच गेला नाही.

प्रथम एक भाषिक तथ्य ध्यानात घ्यावे लागते. बोलण्यातील मराठीत शब्दान्तीचा ‘अ’ लोप पावतो. ‘राम’ हा शब्द आपण ‘राम्’ असाच उच्चारतो. ओवीत, अभंगात, आरतीत मात्र तो ‘अ’ पुन्हा उभा राहतो, लांबतो, कधी ‘आ’च्या जवळ जातो. छंदाला त्याची गरज असते आणि कानाला ते वावगे वाटत नाही. म्हणजे गायनातील उच्चार ही मुळातच बोलीपासून दूर गेलेली, जुन्या छंदांनी राखून ठेवलेली एक वेगळी व्यवस्था आहे. ‘नैसर्गिक’ उच्चार सोडून गायक ‘कृत्रिम’ उच्चार घेतो, ही मांडणी म्हणूनच अपुरी ठरते. एक संकेत सोडून तो दुसऱ्या संकेतात शिरत असतो, आणि त्या दुसऱ्या संकेतामागे कोणती सत्ता उभी आहे हे पाहणे महत्त्वाचे असते.

संगीत रंगभूमीच्या बाबतीत ती सत्ता स्पष्ट दिसते. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ उभे करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे कानडी मुलखातील गुर्लहोसूरचे. भाऊराव कोल्हटकर बडोद्याहून आलेले. १९१८ मध्ये बलवंत संगीत मंडळी काढणारे दीनानाथ मंगेशकर गोव्यातील मंगेशीचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी तर ‘मानापमाना’तील पदही ध्वनिमुद्रित केले. इतक्या दिशांहून आलेल्या गळ्यांनी मिळून जी मराठी घडवली ती मात्र कोणत्याही एका दिशेची राहिली नाही. ती पुण्याच्या शिष्ट वर्गाच्या लेखी भाषेशी जोडली गेली. याला केवळ दडपशाही म्हणणे अन्यायाचे होईल. गदगच्या भीमसेन जोशींनी अभंग गायिले तेव्हा त्यांच्या मागे कानडी पदांचा संस्कार होता, आणि त्या अभंगांना कोणी परके मानले नाही. पण त्यांना मिळालेले हे स्वातंत्र्य त्यांच्या स्वराच्या अधिकाराने मिळालेले होते. सामान्य गायकाला ते मिळत नसे.

लावणीचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. सुलोचना चव्हाण यांचा जन्म १९३३ मध्ये मुंबईत, गिरगावात झाला. सुलोचना कदम या नावाने त्या आधी हिंदी चित्रपटांत गात होत्या. १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटात जगदीश खेबुडकरांची लावणी वसंत पवारांच्या संगीतात त्यांनी गायिली, आणि पुढे सहा दशके मराठी घरांत लावणी म्हटली की हाच आवाज कानांत उभा राहत आला. गिरगावातील बाईने फडावरचा ठसका कोठून आणला? त्या आपले पती श्यामराव चव्हाण यांना लावणीतील गुरू मानीत. शब्द कोठे आपटायचा, कोठे सोडायचा, हे शिकून घेतलेले होते. व्यासपीठावर त्या डोक्यावर पदर घेऊन, अंगविक्षेप न करता गात. नर्तकीचे सारे शरीर तेथे उच्चारात उतरलेले असे. गायिकेची सभ्यता देहाने सांभाळायची आणि लावणीची शृंगारिकता जिभेने, अशी ही विभागणी होती. मध्यमवर्गीय श्रोत्याला लावणी घरात आणता आली ती या विभागणीमुळेच.

याच काळात वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी गात होत्या. कोल्हाटी समाजात, १९१५ मध्ये जन्मलेल्या या गायिकेला ही भाषा कोणाकडून उसनी घ्यावी लागली नव्हती. त्यांच्या गाण्यात चित्रपटातला ठसका फारसा नाही. ठुमरीच्या अंगाने शब्द उलगडत नेणारी ती संथ अदाकारी आहे. म्हणजे ज्या परंपरेची नक्कल म्हणून ठसका घेतला गेला, त्या परंपरेत तो तितका ठळक नव्हताच. शहरी कानाने ‘लावणीचा आवाज’ म्हणून जो ओळखला तो बराचसा चित्रपटांनी घडवलेला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार यमुनाबाईंना १९९५ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात मिळाला, ही नोंदही येथे अप्रस्तुत नाही.

चित्रपटातील ग्रामीण उच्चाराचा नकाशाही तपासण्यासारखा आहे. तो प्रामुख्याने कोल्हापूर-साताऱ्याचा आहे; मराठी चित्रपटसृष्टीचे एक मोठे केंद्र कोल्हापूर होते, हे त्याचे साधे कारण. ‘ण’चा ‘न’ करणे, ‘लई’ म्हणणे एवढ्यावर गावरानपणा सिद्ध होई. १९७२ च्या ‘पिंजरा’ने हा संकेत घट्ट केला. जालन्याकडचे ‘काहून’, ‘जाऊ राहिला’ ही रूपे या गाण्यांत शोधावी लागतात, आणि बहुधा सापडत नाहीत. मराठवाड्याचा श्रोता अशा रीतीने दोनदा परका ठरला : शिष्ट मराठीपुढे एकदा आणि ‘ग्रामीण’ मराठीपुढे पुन्हा.

याला लक्षणीय अपवाद १९७७ च्या ‘जैत रे जैत’चा, पण तोही सरळ अपवाद नाही. कथा कोकणातील ठाकरांची, कादंबरी गो. नी. दांडेकरांची, गीते तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील पळसखेडच्या ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. ठाकरांच्या मुखी महानोरांच्या रानाची भाषा आली आणि ती लता मंगेशकर व आशा भोसले यांच्या गळ्यांतून उमटली. हे गाणे कोणत्या बोलीचे, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. तरी ते खोटे वाटत नाही, कारण महानोरांची लय लोकगीताच्या आतून आलेली आहे आणि शब्दांना बाहेरून लावलेला ग्रामीण मुलामा तेथे नाही. उच्चार खरा की घेतलेला, या प्रश्नापेक्षा लय कोठून आली हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

उर्दूच्या बाबतीत जालन्याचा कान मुंबईपेक्षा वेगळा होता. मराठी गायकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो, अशा आशयाचे दिलीपकुमार यांचे बोल ऐकून आपण मौलवींकडून उर्दू शिकलो, हे लता मंगेशकर यांनी स्वतःच सांगितले आहे. मुंबईत ही प्रावीण्याची गोष्ट होती. निजामी राज्यात उर्दू ही न्यायालयाची, महसुलाची आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या शिक्षणाची भाषा होती. तिचा उच्चार जमणे म्हणजे दाराआत प्रवेश मिळणे. आणि ही अडचण एकट्या मराठी भाषकाची नव्हती. दखनी बोलणारा मुसलमान घरात ‘क़’चा उच्चार ‘ख़’सारखा करी, गझल गाताना त्यालाही तो सोडून उत्तरेचा ‘क़’ घशातून काढावा लागे. स्वतःच्या बोलीपासूनचे अंतर दोघांनाही कापावे लागत होते, याकडे मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन केले त्यात मराठवाड्यातल्या स्त्रियांचे आवाजही आहेत. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकरांविषयीची कृतज्ञता आहे. ना पुणे, ना कोल्हापूर, ना लखनौ. कोणाचाही उच्चार त्या बायकांनी घेतलेला नाही. तरीही ओळ संपताना त्या शब्दान्तीचा स्वर लांबवतात, बोलताना कधी लांबवणार नाहीत तितका, आणि मग दुसरी बाई तो तेथून उचलते.