बहुविध बुद्धिमत्ता आणि विद्याशाखेविषयीची अभिवृत्ती

बुद्धी ही एकच एक शक्ती नसून बऱ्याच अंशी स्वतंत्र असलेल्या अनेक क्षमतांचा तो समूह आहे, असे मानणारा मानसशास्त्रीय सिद्धांत म्हणजे बहुविध बुद्धिमत्ता. हार्वर्ड विद्यापीठाचे हॉवर्ड गार्डनर (जन्म १९४३) यांनी तो १९८३ मध्ये ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या ग्रंथात मांडला. भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, परस्परसंबंधविषयक व आत्मविषयक अशा सात बुद्धिमत्ता त्यांनी सांगितल्या. निसर्गविषयक बुद्धिमत्तेची भर नंतर पडली. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास हा या मांडणीचा एक मोठा आधार होता. बोलणे जवळजवळ थांबलेल्या काही रुग्णांना शब्दांसह गाणे म्हणता येते; म्हणजे भाषिक व सांगीतिक क्षमता बऱ्याच अंशी स्वतंत्र असाव्यात.

शाळांनी हा सिद्धांत उत्साहाने स्वीकारला. बुद्धिमापनाचे अभ्यासक मात्र साशंक राहिले. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच निरनिराळ्या चाचण्यांमागे एक सामान्य बौद्धिक घटक असल्याचे दाखवले होते. २००६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी गार्डनर यांच्या वर्गीकरणानुसार चाचण्या घेतल्या, तेव्हाही बोधनाशी निगडित बहुतेक क्षमता एकमेकींशी जोडलेल्या आढळल्या.

विद्यार्थ्याची आपल्या शाखेविषयीची अभिवृत्ती, म्हणजे तिच्याविषयीचे मत, ओढ आणि तिच्यासाठी कष्ट घेण्याची तयारी, या बुद्धिमत्तांशी जोडून पाहणारे अभ्यास अनेक देशांत होतात. त्यांतली खरी अडचण मापनाची आहे. अशा अभ्यासांत बहुधा स्वयंमूल्यांकनाची प्रश्नावली वापरतात. ‘कोडी सोडवायला आवडतात का?’ या प्रश्नाचे उत्तर आवड सांगते, क्षमता नव्हे. गणिताच्या विद्यार्थ्याने त्याला ‘हो’ म्हटले आणि त्याला आपली शाखाही प्रिय निघाली, तर आवडीचा संबंध आवडीशीच जुळला. बुद्धीविषयी त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. शिवाय संबंध उलट दिशेनेही असू शकतो. तीन वर्षे प्रयोगशाळेत घालवलेला विद्यार्थी स्वतःला तर्कनिष्ठ समजू लागतो.

शाखेची निवड तरी निव्वळ विद्यार्थ्याची कुठे असते? आपल्याकडे प्रवेशपरीक्षेचे गुण, कट-ऑफ, शुल्क, घरच्यांची इच्छा आणि नोकरीची शक्यता यांवर ती ठरते. मनाविरुद्ध घेतलेल्या शाखेतही चांगल्या शिक्षकामुळे गोडी लागते आणि आवडीची शाखा कंटाळवाण्या अध्यापनाने नकोशी होते.

समुपदेशनात विद्यार्थ्याला बोलते करण्यासाठी अशी प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्या गुणांवरून कुणाला शाखा नाकारणे किंवा एखादी शाखा लादणे मात्र अशास्त्रीय आहे.