पाट, चौरंग आणि वेताची खुर्ची

चतुर्थी आठ-दहा दिवसांवर आली की पेडणे-डिचोलीच्या घरांतून चौरंग अंगणात येतो आणि वर्षभर कोणी न पाहिलेल्या खुर्च्यांवरून फडके फिरू लागते. ह्या लाकूडसामानाचा इतिहास त्याच्या नावांतही सापडतो. पाट, चौरंग, देव्हारा हे शब्द आपले. अलमारी, तिची बिजागरी आणि तिची चावी हे तिन्ही शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आले.

पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले, डिचोली त्याआधी काही वर्षे. तोवर जुन्या काबिजादींतला धर्मछळाचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादींतल्या धर्माला आणि रिवाजांना हात लावणार नाही, अशी हमी राज्यकर्त्यांनी दिली. म्हणून आपल्याकडे देव्हारा जागचा हलला नाही. वेताने विणलेल्या खुर्च्या आल्या त्या मोठ्या घरांच्या बाहेरच्या बैठकीत, अंमलदारांसाठी आणि पाहुण्यांसाठी. जेवणे पाटावरच होत राहिली.

दोन्ही तऱ्हेच्या सामानाचे वैरी मात्र एकच: पाऊस आणि वाळवी. वाळवीशी आपले नाते जरा गमतीचे आहे. तिने उभारलेल्या वारुळाला आपण रोयण म्हणतो, सातेरी म्हणून पूजतो. तीच घरात शिरली की काजूच्या टरफलाचे तेल घेऊन तिच्यामागे लागतो. हे काळे, कातडी भाजणारे तेल वाशांना आणि खांबांच्या बुडख्यांना लावायचे. खुर्चीला नव्हे.

जुन्या खुर्चीवरची चमक असते ती बहुधा लाखेची. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या पोचाऱ्याने हात-हात देत ती चढवलेली असते. हे लक्षात ठेवले की निम्मी काळजी आपोआप घेतली जाते. गरम कपाने तिच्यावर पांढरे वर्तुळ उठते आणि स्पिरिटने ती पुन्हा विरघळते. २०२० साली हात धुण्याचे सॅनिटायझर ज्यांनी खुर्च्यांच्या हातांवरही फिरवले, त्यांच्याकडचे पॉलिश चिकट होऊन गेले ते ह्यामुळेच. खोबरेल तेलाचेही तसेच. लावताच लाकूड उजळते, पण हे तेल वाळत नाही. त्यावर धूळ बसून काळा थर होतो. जवसाचे तेल हवेत सुकते, तेही अगदी पातळ हात देऊन उरलेले पुसून घेतले तरच. आम्हाला विचाराल तर लाखेवर मधमाश्यांचे मेण पुरे, वर्षातून एकदा.

डिचोलीकरांना आणखी एक सांगावेसे वाटते. खाणींची लाल धूळ मऊ दिसते, पण ते लोहखनिज आहे. सुक्या फडक्याने रगडले तर पॉलिशवर बारीक ओरखडे उठतात. आधी मऊ ब्रशने झटकावे, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे.

श्रावणात खण अडकू लागले म्हणून सुताराला रंधा मारायला बोलावू नये. लाकूड दमट हवेने फुगलेले असते. दिवाळीनंतर ते सुकते आणि रंधलेला खण खुळखुळतो. कडेला मेणबत्ती घासली की तेवढ्यापुरते काम भागते. वेताची बैठक खचली असेल तर खालच्या बाजूने गरम पाण्याचे फडके लावून सावलीत वाळवावी. वेत तुटलेला नसेल तर ती बरीच ताणून येते.

खरा घात होतो तो सणाच्या घाईत. ‘दोन दिवसांत नवे करून देतो’ म्हणणारा कारागीर यंत्राने सगळे घासून काढतो आणि कोरीव पाने-फुले बोथट करून वर चकचकीत प्लास्टिकसारखा थर मारतो. दोनशे पावसाळ्यांनी जे केले नाही ते दोन दिवसांत होते. पुढे वाटण्या झाल्या की अशी खुर्ची कोणालाच नको असते, आणि जुनी राहिलेली खुर्ची भंगाराच्या भावाने टेंपोत चढते.

तेव्हा यंदा खुर्ची पुसताना एकदा ती उलटी करून पाहा. खालच्या बाजूला पॉलिश नसते. तिथे रंध्याचे वाकडे पट्टे दिसतील, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या दिसतील, क्वचित सुताराची एखादी खूणही. तो भाग घासू देऊ नका.