बीट, कढई आणि मार्माइट

चार वर्षं आमच्या घरात रोज सकाळी बीट किसलं जायचं. आईचं हिमोग्लोबिन कमी होतं, म्हणून बिटाचा रस, रात्री भिजवलेल्या मनुका, गूळ-शेंगदाणे आणि थंडीत अळिवाचे लाडू. तरी जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबायचीच. मी पुण्यातून फोनवर विचारायचो, "बीट घेतेस ना?" ती म्हणायची, "हो रे." झालं माझं कर्तव्य!

शेवटी गेल्या वर्षी तपासणी केली. हिमोग्लोबिन ७.८. मग मी आम्ही इंजिनियर लोक करतो तेच केलं, म्हणजे विषय मुळापासून वाचायला घेतला. त्यातून जो इतिहास हाती लागला तो इतका भारी आहे, की या वीकेंडला तुम्हालाही सांगतोच.

सुरुवात आपल्याकडूनच. चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात 'पांडुरोग' आहे. पांडू म्हणजे फिकट. त्याचे पाच प्रकार सांगितलेत आणि पाचवा आहे माती खाल्ल्याने होणारा! लोह कमी असलेल्या माणसाला माती, खडू खावंसं वाटतं हे आजचे डॉक्टरही सांगतात. (आधी काय, माती की फिकटपणा, हा वाद वेगळा.) उपचारांत 'नवायस चूर्ण' आहे : सुंठ, मिरी, पिंपळी, त्रिफळा वगैरे नऊ औषधी एकेक भाग आणि लोहाचं चूर्ण नऊ भाग. वर मध आणि तूप. थोडक्यात, निम्मी गोळी लोखंडाची.

युरोपातही मंडळी त्याच दिशेला निघाली होती. इंग्लंडमध्ये सिडनहॅम नावाचा डॉक्टर १६८१ च्या सुमारास फिकट पडलेल्या मुलींना वाइनमध्ये भिजवलेला लोखंडाचा कीस देत होता. रक्तात लोह असतं याचा पत्ता तेव्हा कुणालाच नव्हता. तो पुढे १७४० च्या दशकात लागला. इटलीतल्या मेंगिनीने रक्त जाळून राख केली आणि लोहचुंबकाने त्यातले कण उचलून दाखवले. १८३२ मध्ये फ्रान्सच्या ब्लॉ याने फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांची गोळी काढली. सरकारी दवाखान्यातली आजची गोळी तिचीच नात म्हणायला हरकत नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. फिकट दिसतोय? लोह द्या. पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती घडली चक्क आपल्या मुंबईत.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम चालायचं. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर ॲनिमिया व्हायचा आणि त्यात त्या दगावायच्या. आधी तिला जंतूंचा संशय आला, पण जंतू सापडेना. मग तिने आणि तळपदे या सहकाऱ्यांनी या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. १९३० मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांच्या ताटात भाजी-फळं जवळजवळ नाहीत, आजार त्यांच्यातच जास्त दिसत होता.

मग तिने उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले आणि उत्तर सापडलं मार्माइटमध्ये. हा यीस्टचा काळा, खारट चिकटा इंग्रज लोक पावाला लावून खातात. किंमत स्वस्त. तो दिल्यावर मरायला टेकलेल्या बायका उठून बसल्या. १९३१ मध्ये तिने हे छापलं. त्यातला गुणकारी पदार्थ कोणता हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याचं नाव ठेवलं फोलिक ॲसिड (लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान). विल्सबाईंच्या मार्माइटमधली जादू हीच असल्याचं पुढे कळलं. आज गरोदर बाईला लोहासोबत फोलिक ॲसिड मिळतं, त्यामागे परळच्या त्या अनाम बायका आहेत.

मला यात जे दिसलं ते असं : ॲनिमिया हा एरर मेसेज आहे, बग नव्हे. मेसेज तोच, पण मागे लोह कमी असेल, फोलेट कमी असेल, बी-१२ कमी असेल, थॅलेसेमियाचा वारसा असेल, नाहीतर कुठून तरी रक्त जात असेल. विल्सने लोह देऊन हात झटकले नाहीत. तिने ताट बघितलं, प्रश्न विचारले.

आम्ही आईला एकही प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टरांनी पहिलाच विचारला, "पाळी किती दिवस चालते?" आईने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि म्हणाली, "नऊ-दहा दिवस. या वयात होतंच असं." सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. चार वर्षं एका नळाने रक्त जात होतं आणि आम्ही वरून बीट ओतत होतो. बिटाचा रंग तेवढा रक्तासारखा. लोह १०० ग्रॅममागे जेमतेम १ मिलिग्रॅमच्या आसपास.

म्हणून घरचे उपाय टाकाऊ का? अजिबात नाही. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये इथिओपियातल्या मुलांचा अभ्यास आला होता. लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्यांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमवाल्यांपेक्षा जास्त वाढलं. आमच्या आजीची लोखंडी कढई मात्र नॉनस्टिक आल्यावर मोडीत गेली. लिंबू पिळल्याने लोह जास्त शोषलं जातं हेही खरं, आणि जेवणावरचा चहा ते अडवतो हेही तितकंच खरं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. म्हणजे तुमच्या-माझ्या घरांतल्या या वयाच्या निम्म्याहून जास्त बायका.

आईचं ऑपरेशन झालं, गोळ्या झाल्या, आता हिमोग्लोबिन ११.९ आहे. मंडईतून नवी लोखंडी कढई आणली आहे. चहा जेवणानंतर दीड तासाने मिळतो, त्यावरून बाबा रोज कुरकुरतात. असो.

आज रविवार आहे. घरी फोन कराल तेव्हा "बीट घेतेस ना?" एवढ्यावर थांबू नका. पुढचा प्रश्नही विचारा. थोडं अवघडल्यासारखं होईल, मलाही झालं होतं.